एमजीएमचा सिंह: चित्र एकाचं, आवाज दुसऱ्याचा

एमजीएमचा सिंह म्हणजे एकच प्राणी, असं आपण धरून चालतो. मुळात तो गोल्डविन पिक्चर्सचा. तिथल्या हॉवर्ड डाइट्झला तो सुचला आपल्या कोलंबिया विद्यापीठाच्या सिंहावरून. १९२४ मध्ये कंपन्या एकत्र आल्या, सिंहही सोबत आला. तेव्हाचा स्लॅट्स मूकपटांतला, त्यामुळे डरकाळी नाहीच! १९२८ मध्ये जॅकीची ऐकू आली, तीही ग्रामोफोनवरून. १९५७ पासून २०२१ पर्यंत दिसायचा तो सिंह आणखी वेगळा. आणि गंमत बघा, १९८०च्या दशकात मार्क मँगिनीने डरकाळी नव्याने घडवली, तीत चक्क वाघाचे आवाज मिसळले. तेव्हा लोगोवर काम करताय ना, तर चित्र आणि ध्वनी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. मी दोन्ही एकाच रकान्यात भरल्या होत्या. अख्खा तक्ता पुन्हा करावा लागला.