वेढ्यातले पथ्य

१८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. अन्न तुटले, शेवटी पावावरही रेशन आले. लोकांनी उंदीरसुद्धा सोडले नाहीत. तुम्ही म्हणाल, यात मधुमेहाचे काय? पण बुशार्दा या डॉक्टरांना दिसले, की अर्धपोटी रोग्यांच्या लघवीतली साखर नाहीशी होते आहे! इन्शुलिन यायला तेव्हा पन्नास वर्षे होती.

सुश्रुतसंहिता तर निर्धन मधुमेह्याला शंभर योजने चालायला सांगते.

२०१७ साली ब्रिटनमधल्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. अलीकडेच मधुमेह जडलेल्यांना देखरेखीखाली काही महिने रोज सुमारे साडेआठशे उष्मांक दिले. वर्षाअखेर ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधावाचून ओसरला. पंधरा किलो घटवणाऱ्यांत ८६ टक्क्यांचा. पुढे वजन चढले, तशी अनेकांची साखरही परतली.