वारलेल्या वडिलांचे, परदेशातल्या भावाचे आयकराचे कागद कसे मिळवायचे?

पेडणे / डिचोली : वडील वारले. बँकेत त्यांच्या ठेवी होत्या, व्याजातून टीडीएस कापला गेलाय. तो परत मिळवायचा तर त्यांचा फॉर्म 26एएस आणि वार्षिक माहिती विवरण (एआयएस) बघावं लागतं. पण केवळ मुलगा आहे म्हणून आयकर खातं हे कागद देत नाही. आधी अधिकार नोंदवावा लागतो.

बऱ्याच घरांत वडिलांचं सिम चालू ठेवून ओटीपीवर पोर्टल उघडलं जातं. कागद दिसतात खरे, पण मृताच्या लॉगिनमधून, जणू त्यांनीच भरलं असं दाखवून केलेलं रिटर्न कायद्यात टिकत नाही. शिवाय त्यांचं खातं बंद झालं असेल तर रिफंड जमाच होत नाही.

सरळ वाट अशी : वारसाने स्वतःच्या पॅनने ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन करावं आणि ‘ऑथोराइज्ड पार्टनर्स’मधून प्रतिनिधी म्हणून नोंदणी करावी. मृत्यूचा दाखला, दोघांचं पॅन आणि वारसाचा पुरावा जोडावा लागतो. पुरावा म्हणून कोर्टाचा किंवा महसूल खात्याचा वारस दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र किंवा सरकारी फॅमिली पेन्शनचा दाखला चालतो. मंजुरी मिळाली की जुनी रिटर्न बघता येतात, राहिलेलं रिटर्न भरता येतं. थकीत कर निघाला तरी वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच (1961 च्या कायद्याचं कलम 159). 1 एप्रिल 2026 पासून नवा कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत; इथे ओळखीचे जुनेच दिलेत.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्या नातेवाईकांचा घोळ होतो तो पुढे. गोव्यात वारस ठरतात ते 2012 च्या उत्तराधिकार कायद्याने, तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे विशेष नोटरी म्हणून होणाऱ्या ‘डीड ऑफ सक्सेशन’वर. तिकडच्या तहसीलदाराच्या दाखल्याची सवय असलेल्यांना हे नवंच वाटतं. हे डीड जोडण्याआधी पणजीत पाटोवरच्या आयकर भवनात किंवा आपल्या सीएला विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट कलम 5ए. गोव्यात पती-पत्नीच्या सामायिक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्यांचं पगार सोडून बाकी उत्पन्न, म्हणजे भाडं, व्याज, धंदा, दोघांत निम्मं वाटलं जातं. त्यामुळे नवऱ्याच्या पॅनवर कापलेल्या टीडीएसमधला आपला हिस्सा बायकोला स्वतःच्या रिटर्नमध्ये मागता येतो. म्हणून आई हयात असेल तर फक्त वडिलांचेच कागद काढून भागत नाही, तिचंही रिटर्न बघावं लागतं. सीए कोल्हापूरचा किंवा बेळगावचा असेल तर हे त्याला आठवणीने सांगा.

भाऊ हयात आहे, पण गल्फमध्ये किंवा जहाजावर आहे? मग त्याने स्वतःच्या लॉगिनमधून तुम्हाला अधिकृत करायचं आणि मुखत्यारपत्र जोडायचं. ते परदेशात केलं असेल तर भारतीय वकिलातीचा शिक्का घ्या आणि गोव्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा. पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवणं म्हणजे मुखत्यारपत्र नव्हे.

वाटणीच्या भांडणात भावाचं उत्पन्न कळावं म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकणारेही आहेत. गिरीश देशपांडे प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2012 मध्येच सांगितलंय की आयकर रिटर्न ही वैयक्तिक माहिती आहे. मोठं सार्वजनिक हित दाखवलं तरच ती मिळते. घरच्या वाटणीसाठी हवे असतील तर चालू दाव्यात कोर्टाकडेच ते मागवून घ्यायचा अर्ज करावा लागतो.