राजमाचीची वाट

दादरला गाडी धरून लोणावळ्याला उतरायचे आणि तुंगार्लीमार्गे उधेवाडी गावापर्यंत चालायचे, ती ही राजमाची किल्ल्याची वाट. सुमारे १५ किलोमीटर, बहुतेक सपाट. नवख्याने हीच धरावी. कर्जतकडून कोंडाणे लेण्यांवरून येणारी वाट फार देखणी, पण खड्या चढणीची आणि पावसात निसरडी. लोणावळ्याजवळचा वळवणचा तलाव टाटांनी विजेसाठी बांधला, हे गिरणगावच्या वाचकाला सांगायलाच हवे. त्याचे पाणी मोठ्या नळांतून घाटाखाली खोपोलीला उतरते. १९१५ पासून तिथल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. वीज देऊन झालेले पाणी पाताळगंगेत जाते. राजमाचीचे श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले पाहायचे तर उधेवाडीत मुक्काम करावा.