१० जानेवारी १९७५ : यजमान वर्ध्याचे, मांडव नागपुरात

वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने भरवलेले पहिले विश्व हिंदी संमेलन याच दिवशी सुरू झाले; मांडव मात्र वर्ध्यात नव्हे, नागपुरात पडला. उद्घाटक पंतप्रधान इंदिरा गांधी, प्रमुख पाहुणे मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. तीस देशांचे १२२ प्रतिनिधी येऊन गेले. आयोजनात पुढे होते नागपूरचे अनंत गोपाळ शेवडे. घरची भाषा मराठी, कादंबऱ्या हिंदीत! समितीही १९३६ मध्ये, गांधीजी सेवाग्रामला स्थिरावत होते त्याच वर्षी, अशाच मराठी मुलखात रुजलेली.

संमेलनाच्या दोन मागण्या ठळक : संयुक्त राष्ट्रसंघात हिंदीला अधिकृत स्थान आणि वर्ध्यात हिंदी विद्यापीठ. दुसरी पुरी व्हायला बावीस वर्षे गेली. १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय उभे राहिले, आणि भाषाविज्ञानाच्या अभ्यासाला जिल्ह्यातच हक्काचे घर मिळाले. पहिली अजून लटकलेलीच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत हिंदी नाही.

पुढचे संमेलन १९७६ मध्ये मॉरिशसला झाले. २००६ पासून १० जानेवारी हा विश्व हिंदी दिन म्हणून पाळला जातो.