भयाला हुकूम चालत नाही

भय ही मनुष्याची जन्माची सोबत आहे. समोर दिसणाऱ्या संकटातून तेच त्याला वाचविते. परंतु संकट केव्हा येईल आणि कोठून येईल हेच कळेनासे झाले, म्हणजे भय घरात ठाण मांडून बसते. अन्न गोड लागत नाही, झोप लागत नाही, शेजाऱ्याचाही संशय येऊ लागतो. अशा नित्याच्या भयाला कसे आवरावे आणि कसे आवरू नये, या दोन्ही गोष्टींचा धडा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या इतिहासात सापडतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात तापाचे व गाठीचे रोगी आढळू लागले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले व तसे उघडपणे सांगितले. रोगाचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये सापडला होता. परंतु तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणासच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरील पिसवांकडे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने बोट दाखविले ते १८९८ साली, आणि ते मत सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे शत्रू दारात होता, पण त्याचा चेहरा दिसत नव्हता. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक लोक मुंबई सोडून गेले.

या पहिल्या भयावर सरकारने जो उपाय योजिला, त्यातून दुसरे भय जन्मास आले. घरोघर झडत्या, रोग्याची बळजबरीने रुग्णालयात रवानगी, घरच्या माणसांना वेगळ्या छावणीत ठेवणे, सामानाची जाळपोळ, परक्या पुरुषांकडून स्त्रियांची तपासणी, असा तो उपाय होता. रुग्णालयात नेलेला माणूस बहुधा परत येत नसे. त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालावयास आपले माणूस जवळ नसे. साहजिकच नाना अफवा उठल्या. रोग्यांना मारून त्यांच्या शरीरातून औषधी तेल काढतात, असेही लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सक्ती अधिकच कडक झाली. पुण्यात तर झडतीसाठी गोरे शिपाई घरात शिरले. २२ जून १८९७ च्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हे सर्वश्रुतच आहे.

सक्तीने भय गेले नाही; ते केवळ माळ्यावर आणि अडगळीच्या खोलीत लपले. लोक रोगी दडवू लागले आणि दडविलेल्या रोग्याबरोबर रोगही पसरू लागला. अखेर सरकारलाही हे उमगले. निरनिराळ्या जातीजमातींना आपापली रुग्णालये काढू देण्यात आली आणि आप्तांना रोग्याजवळ राहता येऊ लागले. पुण्यात टिळकांनी असेच एक रुग्णालय चालविले. सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. खेड्यापाड्यांतील लोकांनी तर स्वानुभवानेच एक शहाणपण शोधून काढले. घरात उंदीर पडला की बिऱ्हाड हलवून माळावर झोपड्या घालाव्या आणि तेथेच चूल मांडावी. भय होतेच, पण त्याला हातापायांचे काही काम मिळाले, आणि ते सोसता येऊ लागले.

याच काळात ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा प्रयोगशाळेत डॉ. वाल्डेमार हाफकिन प्लेगवरील लस तयार करीत होते. ती लस त्यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ताप आला, वेदना झाल्या, आणि सर्व ओसरले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. सुईचे भयही काही लहान नव्हते. आपल्या अनुयायांच्या मनातील हे भय घालविण्यासाठी तरुण आगाखान यांनी सर्वांच्या देखत टोचून घेतले, आणि आपले 'खुश्रू लॉज' हे घर हाफकिन यांच्या कामासाठी दिले.

शब्दांना आता आकड्यांची जोड मिळू लागली. १८९७ साली पोर्तुगीज अमलाखालील दमण येथे २,१९७ लोकांनी लस टोचून घेतली. त्यांपैकी ३६ दगावले. न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकी १,४८२ मृत्युमुखी पडले. पुढल्या वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा गावी हाफकिन यांनी प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांस लस टोचली. ज्या २८ घरांत नंतर प्लेग शिरला, तेथील टोचलेल्या ७१ जणांपैकी ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ मेले. एकच छप्पर, एकच चूल आणि एकच पाणी असताना पडलेला हा फरक कोणाही गावकऱ्याला बोटांवर मोजता येण्याजोगा होता.

तथापि विश्वास ही फार नाजूक वस्तू आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी लशीच्या एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. दोषाचे खापर हाफकिन यांच्या माथी फुटले. ती बाटली त्या गावीच उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांच्यावरील ठपका दूर होण्यास १९०७ साल उजाडले. मधल्या काळात लोकांचे जुने भय पुन्हा जागे झाले. कमावलेला विश्वास एका दिवसात डळमळला आणि तो परत मिळविण्यास वर्षे लागली. १९२५ साली परळच्या त्या संशोधनसंस्थेस हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

या सर्व हकिकतीचे सार काढावयाचे तर ते असे, की भित्र्या मनुष्यास भिऊ नकोस असे दरडावून सांगणे व्यर्थ आहे. त्याला संकटाचे खरे स्वरूप समजावून सांगावे, त्याच्या हातांना काही उपयुक्त काम द्यावे, त्याचे माणूस त्याच्याजवळ राहू द्यावे. आणि जे त्याने करावे असे वाटते, ते सांगणाऱ्याने आधी स्वतः करून दाखवावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे मूल असो, वैद्याच्या दारात ताटकळणारा वृद्ध असो, की नोकरीच्या चिंतेने खंगणारा कुटुंबप्रमुख असो, त्यांची भीती प्लेगइतकी भीषण नसेल. पण ती शमते ती याच मार्गाने. हाफकिन यांनी प्रथम पुढे केला तो स्वतःचा देह, आणि त्यानंतरच लोकांनी आपले हात पुढे केले.