पेडगावचा कॉम्बो

कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. पहिल्या टर्नपासून हाणामारी करणारे, आणि शेवटपर्यंत गप्प बसून एकाच टर्नमध्ये समोरच्याला आडवं करणारे. मी दुसऱ्या पंथातला.

हार्थस्टोनमध्ये २०१७ साली मेजचा एक डेक गाजला होता, लोक त्याला 'एक्झोडिया' म्हणत. मंत्र एकेका मानाने स्वस्त करणारे चार शिकाऊ जादूगार टेबलावर जमवले की चार मानाचा फायरबॉल फुकट! जोडीला अँटोनिडास, म्हणजे प्रत्येक मंत्रामागे नवा फायरबॉल हातात. मग समोरच्याचे ३० हेल्थ असोत की ३००. पण तोवर? तोवर नुसतं लांबवत, मार खात बसायचं. सुटं पाहिलं तर यातलं एकही कार्ड भीतीदायक नाही.

असाच डाव आमच्या भागात ३५० वर्षांपूर्वी पडला होता, बरं का! मी शिरूरचा, आजोळ दौंडचं. दौंडच्या खाली, भीमेच्या पलीकडच्या काठावर श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव. तिथला बहादूरगड (आता धर्मवीरगड) आपल्याला माहीत असतो तो १६८९ साली संभाजीराजांना कैद करून तिथे आणलं म्हणून. त्याआधीचा १६७४ चा किस्सा मात्र मागे पडतो.

६ जूनला रायगडावर राज्याभिषेक झाला. खजिन्यावर ताण आलेला. १७ जूनला जिजाऊ गेल्या. त्यात पाऊस सुरू. पेडगावला औरंगजेबाचा दूधभाऊ बहादूरखान कोकलताश तळ देऊन बसलेला. छावणी शब्दाचा मूळ अर्थच छप्पर शाकारून पावसाळा काढायची जागा! या दिवसांत कोण येतंय?

जुलैच्या मध्यावर दोन हजार मराठे स्वार आले. खान त्यांच्या मागे निघाला आणि ते त्याला ओढत ओढत सुमारे ५० मैल लांब घेऊन गेले. तेवढ्यात दुसऱ्या वाटेने सात हजारांची फौज रिकाम्या छावणीवर उतरली. एक कोटीची लूट, बादशहाला नजर करण्यासाठी जमवलेले २०० उमदे घोडे, आणि तंबूंची राख. आकडे जदुनाथ सरकारांच्या शिवचरित्रातले.

मला यात सगळ्यात आवडतो तो दोन हजारांचा आकडा. दोनशे असते तर खान स्वतः उठला नसता, एखादा सरदार पाठवला असता. नऊच्या नऊ हजार दिसले असते तर तटाआड बसून राहिला असता. आमिष खरं वाटेल इतकं मोठं, आणि जिंकता येईल असं वाटावं इतकं लहान! डेक बांधताना आम्ही तासन्तास हेच गणित करत असतो. फरक इतकाच की तिथे अंदाज चुकला असता, खान वाटेतून परत फिरला असता, तर माणसं मेली असती. आणि दोन फौजांमध्ये एवढं अंतर, निरोप जायचा तो घोड्यावरून.

लोक म्हणतात, असा कॉम्बो एकदाच चालतो. समोरच्याने पत्ते पाहिले की खेळ खलास. पण पुढच्याच वर्षी, १६७५ मध्ये, महाराजांनी याच बहादूरखानाशी तहाची बोलणी लावली. खान खूश, बादशहाला कळवून उत्तराची वाट बघत बसला. तोवर इकडे महाराजांनी फोंड्याला वेढा घातला. मे महिन्यात किल्ला पडला आणि बोलणी तिथेच संपली!