स्फिंगोलिपिडे : यीस्ट व सस्तन पेशींतील कार्ये

स्फिंगोलिपिडे हा पेशीपटलातील मेदपदार्थांचा एक वर्ग असून, सामान्यतः १८ कार्बन अणूंची लांब साखळी असलेले अमिनो अल्कोहॉल (दीर्घशृंखला आम्लारी) हा त्यांचा कणा असतो. योहान थुडिकम यांनी १८८४ मध्ये मेंदूच्या रासायनिक अभ्यासातून त्यांचे वर्णन केले, तरी पुढे शतकभर ती पटलाची निव्वळ बांधणी करणारी द्रव्ये समजली गेली. स्फिंगोसीन ही दीर्घशृंखला आम्लारी प्रोटीन कायनेज सी या विकराला रोखते असे १९८६ मध्ये दिसून आल्यावर त्यांच्या संदेशवाहक कार्याकडे लक्ष वळले.

यीस्ट व सस्तन प्राणी या दोहोंत संश्लेषणाची सुरुवात सारखीच आहे : आंतर्द्रव्यजालिकेत सेरीन पामिटॉइलट्रान्सफरेज हे विकर सेरीन व पामिटॉइल-कोए यांचा संयोग घडवते आणि तयार झालेल्या आम्लारीला मेदाम्ल जोडले जाऊन सेरॅमाइड बनते. फरक पडतो तो यापुढे. यीस्टमध्ये बहुधा २६ कार्बनी मेदाम्ल वापरले जाते आणि सेरॅमाइडवर इनॉसिटॉल फॉस्फेट चढते. सस्तन पेशींत मात्र मेदाम्लाची लांबी ठरवणारी सहा वेगवेगळी सेरॅमाइड सिंथेजे असून सेरॅमाइडांपासून स्फिंगोमायलीन व शर्करायुक्त स्फिंगोलिपिडे तयार होतात. यीस्टमधील इनॉसिटॉल जोडणारे विकर सस्तन प्राण्यांत नसल्यामुळे ते रोखणारे ऑरिओबॅसिडीन ए हे प्रतिजैविक बुरशीला घातक ठरते.

पाव फुगवणाऱ्या यीस्टला २५° से. वरून ३७–३९° से. तापमानात नेले की काही मिनिटांतच त्याच्यातील आम्लारींचे प्रमाण वाढते आणि त्यांच्या इशाऱ्यावर पेशीचक्र तात्पुरते थांबते. स्फिंगोलिपिडांवाचून जगणारे उत्परिवर्तित यीस्टही मिळाले आहे. ते त्यांच्या जागी तशाच घडणीची ग्लिसरॉलयुक्त मेदद्रव्ये बनवते, पण उष्णता, आम्लता किंवा क्षारांचा ताण त्याला सोसत नाही. या मेदांची खरी गरज प्रतिकूल परिस्थितीत भासते, हे त्यावरून उघड होते. उत्पादनाला आवर घालणारी ऑर्म प्रथिनेही प्रथम यीस्टमध्येच उलगडली. त्यांच्या मानवी प्रतिरूपांपैकी ओआरएमडीएल३ च्या जनुकक्षेत्राचा बालदम्याशी संबंध २००७ मध्ये आढळला होता.

सस्तन पेशींत सेरॅमाइड पेशीमृत्यूकडे नेते, तर स्फिंगोसीन-१-फॉस्फेट पेशीला जगवते, अशी मांडणी रूढ आहे. ती सोयीची असली तरी ढोबळ आहे, कारण सेरॅमाइडाचा परिणाम त्याच्या साखळीच्या लांबीवर आणि ते पेशीत कोठे आहे यावरही अवलंबून असतो. त्वचेतील अतिदीर्घ साखळीची सेरॅमाइडे तर पाणी अडवून धरणारा थर बनवतात. स्फिंगोसीन-१-फॉस्फेट रक्तात अधिक व ऊतींत कमी असते आणि या तफावतीच्या आधारे लसीकापेशी लसीका ग्रंथींबाहेर पडतात. मिरिओसीन या कवकजन्य द्रव्यात फेरफार करून बनवलेले फिंगोलिमॉड त्यांची ही वाट अडवते. २०१० मध्ये अमेरिकेत ते मल्टिपल स्क्लेरोसिसवर मान्य झाले.

लयकारिकेतील विघटनाची विकरे निकामी झाल्यास स्फिंगोलिपिडे साठून गोशे, टे-सॅक्स, नीमन-पिक (ए व बी प्रकार) असे आनुवंशिक रोग उद्भवतात. सेरॅमाइड संश्लेषणात बाहेरूनही अडथळा येतो : मक्यावरील फ्युझेरियम बुरशीचे फ्युमोनिसीन हे विष सेरॅमाइड सिंथेजाला रोखते, त्यामुळे बुरशी लागलेला मका खाल्लेल्या घोड्यांच्या मेंदूतील श्वेतद्रव्य मऊ पडून नष्ट होते. अवकाळी पावसात भिजून बुरसलेली ज्वारी व मका खाल्ल्याने १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही गावांत पोटदुखी व जुलाबाची साथ पसरली होती, तिचा संबंधही या विषाशी जोडला गेला.